चार बोटांचं अंतर

गल्लीत घरं सात. त्यांचे सात मीटर कोपऱ्यावरच्या एका लोखंडी पेटीत ओळीने बसवलेले, आणि दर मंगळवारी ती पेटी उघडून आकडे उतरवणारी बाई त्याच गल्लीत, अगदी शेवटच्या घरात राहायची. पाणीखात्यात तिची सतरा वर्षं नोकरी झाली होती. तिचं खरं नाव आता फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. बाकी सगळे तिला मीटरताई म्हणत. लग्न का केलं नाही, हे गल्लीने तिला बारा वेळा विचारलं होतं आणि तिने बारा वेगळी कारणं दिली होती. कारणं बदलायची, आकडा मात्र ती कुणासाठी बदलायची नाही. म्हणून त्या तिसऱ्या मंगळवारी स्वतःच्याच घराचा आकडा वहीत उतरवताना तिचा हात थांबला खरा, पण लिहिलं तिने मीटरवर होतं तेच. दिवसाला सातशे दहा लिटर. मर्यादा चारशेची, आणि घरात माणसं दोन, ती आणि तिचे बाबा.

दोन वर्षं पाऊस धड झाला नव्हता. धरणाने तळ गाठला तेव्हा पाणीखात्याने पत्रक काढलं. सकाळी सात ते आठ एवढाच तास नळ. नळी लावून गाडी धुवायची नाही, अंगण धुवायचं नाही, नळाचं पाणी झाडांना घालायचं नाही. नवी जोडणी नाही, नवा पाइप टाकणं नाही. आणि ज्या घराचा आकडा सलग तीन मंगळवार मर्यादेबाहेर जाईल, त्या घराच्या जोडणीत चकती बसेल. चकती म्हणजे पितळेची गोल तबकडी, मध्ये मोहरीएवढं भोक. ती बसली की तासाभरात दोन बादल्या भरल्या तर नशीब म्हणायचं. धरण पुन्हा भरेपर्यंत ती कुणी काढत नाही. वर त्या घराचं नाव कोपऱ्यावरच्या काळ्या फळ्यावर लागतं, तेही धरण भरेपर्यंत.

फळ्यावर लिहायचं काम गल्लीच्या समितीकडे होतं, आणि समिती म्हणजे हेडमास्तर. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती, पण खडू हातातून सुटला नव्हता. मंगळवारी संध्याकाळी त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘मर्यादाभंग : शेवटचे घर.’ खाली एक रेघ मारली. कुणीतरी त्या रेघेखाली कोळशाने ‘पाणीचोर’ असं जोडलं. ते हेडमास्तरांनी लिहिलं नव्हतं, पण पुसलंही नाही.

हा शब्द कुणाला लागला, ते सांगायला हवं. मीटरताईचे बाबा त्याच पाणीखात्यात पस्तीस वर्षं ‘कानवाले’ होते. जमिनीखाली पाइप फुटला की तो कुठे फुटला हे ऐकून सांगणारा माणूस म्हणजे कानवाला. त्यांच्याकडे छातीएवढी उंच लोखंडी दांडी असे, तिच्या वरच्या टोकाला लाकडी वाटी. दांडीचं खालचं टोक जमिनीवर टेकवायचं, वाटी कानाला लावायची आणि श्वास रोखायचा. “पाइप फुटला की तो स्वतःच सांगतो,” बाबा म्हणायचे, “फक्त हळू सांगतो.” त्यांनी दाखवलेल्या जागी खणलं आणि गळती सापडली नाही, असं पस्तीस वर्षांत चारदाच झालं होतं, आणि ते चारही खड्डे त्यांना पाठ होते. या माणसाने गावाचं जेवढं पाणी वाचवलं, तेवढं गल्लीने जन्मात प्यायलं नसेल.

पण दैव मोठं टवाळ. कानवाल्यांचेच कान गेले. चार वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, पडदे कामातून गेलेत, आतली नस तेवढी शाबूत आहे. कानात घालायचं यंत्र आणलं, ते शिट्ट्या मारायला लागलं म्हणून डबीत गेलं. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं पाटीवर चाले. ती लिहायची, ते वाचायचे आणि मोठ्याने उत्तर द्यायचे. दांडी कपाटावर जाऊन पडली.

अंगणात बाबांचं एक लिंबाचं झाड होतं. सगळ्या गल्लीत झाडं वाळून काड्या झाली आणि हे आपलं हिरवंगार. बाबा आंघोळीचं पाणी घमेल्यात धरून झाडाला घालायचे, भांड्यांचंही घालायचे. ते भिंतीआडून कुणाला दिसायचं नाही. गल्लीला दिसायचं ते फक्त हिरवं झाड आणि वहीतला आकडा. “पाणी कुठेतरी मुरतंय,” लोक म्हणायला लागले. म्हणताना डोळे मिचकावायचे. आपण अगदी शब्दशः खरं बोलतोय, याची एकालाही कल्पना नव्हती.

आता मीटरताईची चूक. दुसऱ्या कुणाच्या घरी आकडा वाढला की तिची रीत ठरलेली होती. आधी घरातले सगळे नळ बंद करायला लावायचे, मग मीटरमधली छोटी काळी चक्री बघायची. नळ बंद असूनही चक्री फिरली तर पाइप गळतोय. थांबली तर मग माणसांना विचारायचं. आधी चक्री, मग माणूस. सतरा वर्षांत हा क्रम तिने कधी मोडला नव्हता. मोडला तो घरी. दुसऱ्या मंगळवारी आकडा बघून ती तडक आत आली आणि तिने पाटीवर लिहिलं, ‘बाबा, तुम्ही झाडाला नळी लावता का?’

बाबांनी वाचलं. पाटी बाहीने पुसली. दुसऱ्या दिवसापासून ते अर्ध्या बादलीत आंघोळ करायला लागले आणि लिंबाकडे फिरकलेही नाहीत.

दुसऱ्याच दिवशी सकाळी तिने चक्री बघितली. घरातले सगळे नळ बंद, आणि चक्री गरगर फिरत होती. ती त्या पेटीसमोर उकिडवी बसून राहिली. तिला स्वतःच्याच श्रीमुखात भडकवावीशी वाटली. नंतरच्या दिवसांत तिने पाटीवर ‘चुकलं’ असं तीनदा लिहिलं आणि दाखवण्याआधीच तीनदा पुसलं. एवढ्याशा खडूच्या शब्दाने भागेल असं तिला वाटेना. मग तिने ठरवलं, गळती शोधायची. तेही फळ्यावर नाव लागण्याच्या आणि चकती बसण्याच्या आत.

ठरवणं सोपं होतं. मीटरपासून शेवटच्या घरापर्यंत शंभर फूट पाइप, आणि त्यावर वर्षापूर्वी घातलेलं काँक्रीट. सातही घरांचे पाइप एकाच चरात, शेजारी शेजारी. खात्याचं गळती शोधायचं यंत्र धरणाच्या मोठ्या लाइनवर गेलेलं. ती साहेबांकडे अर्ज घेऊन गेली, तो टेबलावरच पडून राहिला, आणि तिसरा मंगळवार उलटला. बुधवारी ती साहेबांच्या दारात जाऊन उभी राहिली आणि हलेचना.

“ताई, नियम तुम्हाला मी सांगायचा का?” साहेब म्हणाले. “मीटरच्या पुढचं पाणी ज्याचं त्याचं. ते कुठे गेलं हे खातं विचारत नाही.”

“मी विचारतेय ना. मला रस्ता खणायची परवानगी द्या.”

“शंभर फूट?”

“नाही. एक खड्डा.”

साहेबांनी चष्मा काढला. “एका खड्ड्यात गळती सापडेल? कोण सांगणार जागा? यंत्र तर नाही.”

ते अजून तिलाही ठाऊक नव्हतं. “शुक्रवारी सांगते,” ती म्हणाली.

साहेबांनी लिहून दिलं, शुक्रवारी सकाळी सात ते आठ, फिटर एक, खड्डा एक. न सापडल्यास शनिवारी चकती. मीटरताईने तो कागद घडी करून वहीत ठेवला.

गुरुवारी सकाळी ती स्वयंपाकघरात चटणी वाटत होती. बाबा टेबलाशी बसले होते, कोपर टेबलावर, मुठीवर कानशील टेकलेलं. हल्ली ते असेच बसायचे. तिने मिक्सर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला लावला होता.

“पातं सैल झालंय,” बाबा म्हणाले.

तिने मिक्सर बंद केला. पातं खरंच सैल झालं होतं. तिला स्वतःला काही ऐकू आलं नव्हतं. ज्या माणसाला चार वर्षं दारावरची घंटा ऐकू येत नाही, त्याने मिक्सरचं पातं ऐकलं? ती त्यांच्या कोपराकडे बघत राहिली. टेबल, कोपर, मूठ, कानशील. ते कानाने नाही, हाडाने ऐकत होते.

तिने स्टूल ओढलं, कपाटावरची दांडी काढली, पदराने जळमटं पुसली. बाबांनी मान हलवली. “कान गेले. आता ती दांडी कपडे वाळत घालायला घे.”

तिने पाटीवर लिहिलं, ‘कानाला लावू नका. हाडाला लावा.’ आणि लाकडी वाटी त्यांच्या कानशिलावर टेकवून दांडीचं खालचं टोक मिक्सरवर धरलं. मिक्सर सुरू केला. बाबांचे डोळे मिटले. मग त्यांचा चेहरा असा काही झाला की तिने तोंड फिरवून उगाचच डब्यांची झाकणं घट्ट केली.

“पाटी दे,” ते म्हणाले. लिहायला नव्हे, वाचायला. तिने लिहिलं, ‘उद्या सात वाजता. एकच खड्डा.’

बाबांनी पाटी दोनदा वाचली. “सातही पाइप एका चरात,” ते म्हणाले. “सगळ्यांचे नळ चालू असले तर नुसता बाजार ऐकू येईल. पंधरा मिनिटं सगळी गल्ली बंद पाहिजे. म्हणजे उरेल ती आपली गळती.”

म्हणजे दिवसाच्या साठ मिनिटांतली पंधरा. दुष्काळात कुणाकडे पाण्याची पंधरा मिनिटं मागणं म्हणजे ताटातला घास मागणं. आणि मागायची कुणी? जिने सगळ्यांचे आकडे लिहिले तिनेच. दोन घरं तर तिला आधीपासूनच पाण्यात पाहत होती. पण मीटरताईने कंबर कसली आणि संध्याकाळी पहिलं दार वाजवलं ते इस्त्रीवालीचं.

इस्त्रीवाली गल्लीच्या तोंडाशी राहायची, दिवसभर उभ्याने इस्त्री करायची आणि तोंडाने फटकळ होती. “पंधरा मिनिटं?” ती म्हणाली. “तुम्ही माझा आकडा कधी एक लिटर कमी लिहिलात का?”

“नाही.”

“आणि स्वतःचा?”

“तोही नाही.”

इस्त्रीवालीने इस्त्री उभी ठेवली. “हेच बघायचं होतं. घ्या पंधरा मिनिटं. आणि चला, मी येते बरोबर. तुम्हाला मागता येत नाही. तुम्ही नोटीस दिल्यासारखं बोलता.”

इस्त्रीवालीच्या तोंडापुढे चार घरं अर्ध्या तासात तयार झाली. उरले हेडमास्तर. ते आपल्या फाटकाशी उभे होते. फाटकावरची त्यांची वेल दाट, पानापानांनी भरलेली. तिच्याकडे बोट दाखवून ते सगळ्यांना सांगत, “एक थेंब घालत नाही मी. हाताला गुण लागतो.”

“ताई, तुमच्या वडिलांबद्दल मला आदरच आहे,” ते म्हणाले. “पण म्हणतात ना, डोळा आणि कान यांत चार बोटांचं अंतर असतं. तुम्ही ऐकीव गोष्ट सांगताय. आम्ही हिरवं झाड डोळ्यांनी बघतोय. आणि ऐकणार कोण, तर ज्यांना ऐकू येत नाही ते?”

“हो,” मीटरताई म्हणाली. “तेच ऐकणार.”

“बरं. हेडमास्तरांनी संधी दिली नाही, असं कुणी म्हणायला नको.”

शुक्रवारी सकाळी सातला पाणी आलं. सहा घरांनी आपापले नळ बंद ठेवले आणि माणसं ओट्यांवर येऊन उभी राहिली. रिकाम्या बादल्या, रिकाम्या कळश्या, आणि कुणी बोलत नव्हतं. फिटर पहार घेऊन भिंतीला टेकला होता. बाबा आपल्या दारातून निघाले. दोन पावलं टाकायची, दांडी टेकवायची, वाटी लावायची. वाटी ते कानाला लावत नव्हते. डोळा आणि कान यांच्या मधल्या हाडावर लावत होते. बरोबर त्या चार बोटांत.

तिसऱ्या जागी ते थांबले. कपाळाला आठी पडली. “कुणाचा तरी नळ चालू आहे,” ते मोठ्याने म्हणाले. त्यांना स्वतःचा आवाज कळत नसल्याने ते नेहमीच मोठ्याने बोलत. “पुढून येतोय. मीटरकडून दुसरं घर.”

सगळ्यांच्या माना फिरल्या. मीटरकडून दुसरं घर हेडमास्तरांचं. आतून त्यांच्या पत्नींचा आवाज आला, “अहो, एकच कळशी! चहापुरती!” आणि नळ बंद झाल्याचा करकर आवाज. हेडमास्तर खाली बघायला लागले. इस्त्रीवाली पदराआड हसली, पण त्या क्षणापासून गल्लीतली शांतता बदलली. आतापर्यंत लोक तमाशा बघत होते. आता तेही कान देऊन ऐकायला लागले.

सात दहा. बाबा पन्नास फुटांवर. सात बारा. त्यांनी दांडी उचलली, दोन हात पुढे टेकवली, परत मागे आणली, परत पुढे. सात चौदाला ते हेडमास्तरांच्या फाटकासमोर गुडघ्यावर बसले आणि खिशातून खडू काढून काँक्रीटवर फुली मारली.

“इथे.”

“माझ्या दारात?” हेडमास्तर म्हणाले. “वा! म्हणजे आता चोर मी का?”

त्यांना उत्तर द्यायला कुणाला वेळ नव्हता. मीटरताईने हात वर केला, घराघरांतले नळ सुटले, आणि फिटरने पहार घातली. काँक्रीट फुटलं. फूटभर खाली माती कोरडी. दीड फुटावरही कोरडी. फिटरने घाम पुसून मीटरताईकडे पाहिलं. “ताई, दोन हात मागे घेऊन बघू का? अजून वेळ आहे.”

खड्डा एकच. वाकून तिने बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते फुलीच्या जागेकडे बघत होते, शांतपणे. या वेळी तिने आधी माणसावर संशय घेतला नाही.

“नाही,” ती म्हणाली. “इथेच. खोल.”

दोन फुटांवर मुळं लागली, गुंत्यावर गुंता, पांढरी, रसरशीत. फिटरने ती हाताने बाजूला केली आणि खाली माती काळी, चिखलाची. पुढचा घाव घालावाच लागला नाही. पाइपच्या सांध्यातून पाणी फुरफुरत उडालं आणि फिटरच्या तोंडावर गेलं. शेवटच्या घराचं पाणी. तीन आठवडे ते हेडमास्तरांच्या वेलीला जात होतं आणि उरलेलं शेजारच्या जुन्या गटारात. पाणी खरंच मुरत होतं, हेडमास्तरांच्या हाताच्या गुणात.

फिटरने सांधा आवळला, पट्टी बसवली. मीटरताई पेटीकडे धावली, घरचे नळ बंदच होते. चक्री थांबलेली होती. तिने ती पूर्ण एक मिनिट बघितली, आपल्या घड्याळावर, आणि मग वहीत लिहिलं.

ती परत आली तेव्हा हेडमास्तर फळ्याजवळून येत होते. कोळशाचा शब्द आणि खडूची ओळ, दोन्ही त्यांनी हाताने पुसलं होतं. हात काळा-पांढरा झाला होता. ते बाबांसमोर उभे राहिले. “माझं चुकलं,” ते म्हणाले.

“काय म्हणतोय हा?” बाबांनी विचारलं.

“चुकलं माझं!” हेडमास्तर ओरडले.

बाबांनी मान हलवली. ऐकू येत नाही. मग त्यांनी वाटी आपल्या कानशिलाला लावली आणि दांडीचं दुसरं टोक हेडमास्तरांच्या हनुवटीवर टेकवलं. “आता बोल.”

साऱ्या गल्लीदेखत, हनुवटीला लोखंड लावून, हेडमास्तरांना तिसऱ्यांदा बोलावं लागलं. आवाज चढवायची सोय नव्हती, हातवारे करायची सोय नव्हती. “कानवाले, चुकलं माझं,” ते हळू म्हणाले.

“मिळालं,” बाबा म्हणाले. “वेल तोडू नकोस. आंघोळीचं पाणी घालत जा. जगेल.”

लोक हसले आणि आपापल्या बादल्यांकडे पळाले. पाणी जायला वीस मिनिटं होती. खड्ड्याशी बापलेक दोघंच राहिली, आणि खाली वाकून माती ओढणारा फिटर. मीटरताईने दांडीचं टोक धरलं आणि स्वतःच्या हनुवटीवर टेकवलं. लोखंड गार होतं, चिखल लागलेलं.

“बाबा,” ती म्हणाली, “चुकलं माझं. आधी चक्री बघायला हवी होती. आधी तुम्हाला विचारायला नको होतं.”

वाटी बाबांच्या कानशिलावर तशीच होती, डोळे मिटलेले.

“ऐकू नाही आलं का?” तिने विचारलं.

“आलं,” ते म्हणाले. “चार वर्षांनी आलं. म्हणून म्हणतो, पुन्हा बोल.”